क्रेव्हन कॉटेजला जायचं तर आधी भरतीची वेळ बघा

फुलहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचा सामना बघायला थेम्सकाठच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावर जाणारे बहुतेक जण पटनी ब्रिज स्टेशनला उतरतात, घोळक्याबरोबर चालत मैदानात शिरतात आणि सामना संपला की आल्या वाटेने परततात. तिकिटाचे पैसे वसूल होतात, पण परिसर बघायचा राहून जातो. पटनी ब्रिज ते हॅमरस्मिथ ब्रिज आणि समोरच्या काठाने परत अशी फेरी धरली तर जेमतेम सहा किलोमीटर होतात. रमतगमत दोन तास. त्यात लंडनच्या बिशपांचा वाडा, दोन जुनी चर्च, जोसेफ बझलजेट या इंजिनिअरचे दोन पूल आणि अर्थातच मैदान, एवढं सगळं येतं.

फेरी कुठल्या बाजूने सुरू करायची, हे मात्र नदी ठरवते. थेम्सला इथे भरती-ओहोटी असते. ती आणखी वर, थेट टेडिंग्टनपर्यंत जाते. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि छोटी भरती, समजावून सांगायला नको. घरातलं कालनिर्णयही इथे कामाला येतं: पौर्णिमा किंवा अमावास्या होऊन एक-दोन दिवस झाले की उधाणाची भरती. लंडनच्या या भागात अशा दिवसांची दुपारची भरती साधारण अडीच ते पाचच्या दरम्यान पूर्ण होते. म्हणजे शनिवारी तीनचा सामना असेल, तर नेमकी तेव्हाच नदी काठोकाठ भरलेली. मैदानाच्या नदीकडच्या रिव्हरसाइड स्टँडवाल्यांना ते छान दिसतं. समोरच्या पटनी काठावर मात्र पाणी रस्त्यावर येतं आणि उताराजवळ लावलेल्या गाड्यांची चाकं बुडतात. तिथे तशा पाट्या आहेत, तरी कोणी ना कोणी गाडी लावतोच. अशा दिवशी समोरचा काठ सकाळी उरकून घ्यावा, तेव्हा ओहोटी असते. भांगाच्या दिवसांत कसंही फिरा. नेमकी वेळ पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या तक्त्यात मिळते. उन्हाळ्यात मात्र तक्त्यातली वेळ ग्रीनिच आहे की एक तास पुढची उन्हाळी, हे तपासा. इथेच बऱ्याच जणांचं गणित चुकतं.

पटनी ब्रिज स्टेशनवर उतरलात की लगेच बाहेर पळू नका. फलाटाच्या नदीकडच्या टोकाला दुसऱ्या महायुद्धातली काँक्रीटची बंदूक-चौकी अजून उभी आहे. शत्रू आलाच तर शेजारचा रेल्वेपूल राखायला ती बांधली होती. स्टेशनाबाहेर पडून डावीकडे रॅनेला गार्डन्सने गेलं की पुलाच्या रस्त्याखालून पादचाऱ्यांची वाट आहे. पलीकडे ऑल सेंट्स चर्च. मनोरा १५व्या शतकातला, बाकीचं बांधकाम १८८०–८१ मधलं. चर्चच्या आवारात ग्रॅनव्हिल शार्पची कबर आहे. इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध कोर्टात लढणाऱ्यांपैकी हा पहिल्या फळीतला माणूस. १७७२ च्या, सॉमरसेट या गुलामाच्या खटल्यामागे तोच होता.

इथला पटनी ब्रिज १८८६ चा, जोसेफ बझलजेटने बांधलेला, ग्रॅनाइटचा. त्याआधी १७२९ पासून लाकडी पूल होता. पुलाच्या दोन्ही टोकांना चर्च. पलीकडचं सेंट मेरीज छोटं आहे, पण ते चुकवू नये. १६४७ च्या ऑक्टोबरात राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलच्या सैन्यातले अधिकारी आणि साधे शिपाई इथे एकत्र बसून वाद घालत होते: मताचा अधिकार जमीनदारांनाच का, गरिबाला का नाही? राजा अजून जिवंत असताना!

ऑल सेंट्सच्या मागे फुलहॅम पॅलेस. लंडनच्या बिशपांकडे ही जमीन सुमारे इसवी सन ७०० पासून होती आणि १९७३ पर्यंत ते इथे राहत होते. आत जायला पैसे पडत नाहीत. घाई असेल तर संग्रहालय सोडा आणि सरळ ट्यूडर चौकात जा. तो १५व्या शतकाच्या अखेरचा. भिंत लाल विटांची, आणि तिच्यावर तिरप्या चौकटींची काळपट नक्षी. जवळ जाऊन हात लावला की कळतं, की ती रंगवलेली नाही. भट्टीत जास्त भाजून काळ्या पडलेल्या, काचेसारखा तुकतुकीतपणा आलेल्या विटा निवडून त्यांची टोकं दर्शनी बाजूला ठेवून बसवल्या आहेत. ऊन तिरपं असताना ही नक्षी उठून दिसते, भर दुपारी सपाट वाटते. वाड्याभोवती सुमारे मैलभर लांबीचा खंदक होता. तो १९२० च्या दशकात बुजवला. बागेत साधारण ५०० वर्षांचा होम ओक आहे. हेन्री कॉम्प्टन हे बिशप १६७५ ते १७१३ या काळात इथे होते. त्यांना परदेशी झाडांचा भारी नाद. अमेरिकेतून मागवलेल्या बियांतून युरोपातला पहिला मॅग्नोलिया त्यांनी इथेच वाढवला. भिंतीआडची बाग अंधार पडायच्या आत बंद होते, हिवाळ्यात तर फारच लवकर. त्यामुळे सामन्याच्या दिवशी पॅलेस आधी, मैदान नंतर.

पॅलेस आणि नदी यांच्यामध्ये बिशप्स पार्क, १८९३ साली लोकांसाठी उघडलेलं. नदीकाठाने लंडन प्लेन झाडांची लांबच लांब रांग आहे आणि तिच्याखालून थेट मैदानाच्या पटनी एंडपर्यंत जाता येतं. स्टेशनपासून इथवर न थांबता पंधरा-वीस मिनिटं. स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेलेल्या स्वयंसेवकांचं स्मारकही याच उद्यानात आहे. पावसाळी दिवशी प्लेनच्या गळून पडलेल्या पानांवरून पाय सटकतो, बूट बरे घाला.

आता मैदान. नावातली ‘कॉटेज’ विल्यम क्रेव्हन या उमरावाने १७८० मध्ये बांधली आणि १८८८ मध्ये ती जळून गेली. आज जिथे मैदानाचं मधलं वर्तुळ आहे, साधारण तिथे ती होती. क्लब १८९६ पासून इथे खेळतो. कोपऱ्यात आज जी कॉटेज म्हणून दाखवतात, ती १९०५ ची, आर्किबाल्ड लीच या वास्तुविशारदाची. स्टीव्हनेज रोडवरचा लाल विटांचा स्टँडही त्याचाच; त्याला आता जॉनी हेन्स स्टँड म्हणतात. दोन्ही इमारती १९८७ पासून संरक्षित यादीत आहेत. त्याच वर्षी क्लब शेजारच्या क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये विलीन करून ही जागा बिल्डरच्या घशात घालायचा बेत चालला होता, हे ध्यानात घेतलं की या यादीची किंमत कळते.

संरक्षित इमारत म्हटली की सोय दुय्यम. जॉनी हेन्स स्टँडमध्ये छताला आधार देणारे खांब आहेत. मागच्या रांगेतलं तिकीट काढलं तर गोलपोस्ट आणि तुम्ही यांच्यामध्ये एखादा खांब येणार, हे गृहीत धरा. तिकीट काढताना ‘दृश्य अडतं’ अशी सूचना दिसली तर ती गंभीरपणे घ्या. घडीच्या लाकडी खुर्च्या जुन्या, अरुंद आणि कडक. जाड जॅकेट घालून दोघे शेजारी बसले की कोपराची लढाई सुरू होते. आत शिरायची फिरती दारंही अरुंद आहेत, पाठीवर बॅग असेल तर अडकते. एवढं असूनही पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकीट इथलंच काढावं. समोरचा नवा रिव्हरसाइड स्टँड आरामशीर आहे, खांब नाहीत, पण असे स्टँड इतरत्रही बघायला मिळतात. १९०५ चा स्टँड कुठे मिळतो? घोषणा-गाण्यांचा जोर हॅमरस्मिथ एंडला. पटनी एंडला पाहुण्या संघाचे लोक असतात. तिकीट क्लबच्याच संकेतस्थळावरून घ्या. स्टेशनाबाहेर हातात तिकिटं घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून घेऊ नका, इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं अशी विकणं गुन्हा आहे.

स्टीव्हनेज रोडवर जॉनी हेन्सचा पुतळा आहे. क्लबसाठी ६५८ सामने, इंग्लंडचा कर्णधार, आणि १९६१ मध्ये २० पौंडांची वेतनमर्यादा उठल्यावर आठवड्याला १०० पौंड मिळवणारा पहिला खेळाडू. मायकल जॅक्सनचा पुतळा मात्र शोधू नका. तेव्हाचे मालक मोहम्मद अल-फायेद यांनी २०११ मध्ये तो उभारला होता. नव्या मालकांनी २०१३ मध्ये हलवला. पुढच्याच वर्षी संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि फायेद यांनी त्याचं खापर पुतळा हलवण्यावर फोडलं.

मैदानाच्या मागून नदीकाठाने जायची सोय पूर्वी नव्हती, स्टीव्हनेज रोडने वळसा घ्यावा लागे. नव्या स्टँडबरोबर ती वाट जोडली गेली. सामन्याच्या दिवशी तिथे अडवलं तर हुज्जत घालू नका, जुना वळसा पाच-सात मिनिटांचाच आहे. पुढे क्रॅबट्री हा नदीवरचा पब. सामन्याआधीच्या तासात तिथे आत शिरायची आशा ठेवू नये.

हॅमरस्मिथ ब्रिज १८८७ चा, झुलता, हाही बझलजेटचाच. भेगा सापडल्यामुळे २०१९ मध्ये मोटारी बंद झाल्या, वर्षभराने चालणाऱ्यांनाही बंदी आली; २०२१ पासून पायी आणि सायकलने जाता येतं. पलीकडे उतरून डावीकडे वळलं की हॅरॉड्सच्या जुन्या गोदामाची तांबूस इमारत, आता तिथे फ्लॅट आहेत. मग झाडांतली कच्ची वाट. वाटेत स्टीव्ह फेअरबेर्न या नौकानयन प्रशिक्षकाचं स्मारक लागतं. सगळे त्याला ‘माइल पोस्ट’ म्हणतात, कारण ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नौका-शर्यतीचा पहिला मैल तिथे पुरा होतो. १८४५ पासून ही शर्यत पटनीहून निघते. अंतर ६.८ किलोमीटर. पाण्याचा धक्का पाठीमागून मिळावा म्हणून भरती पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी ती सोडतात. इथून पुढे नदीपल्याड मैदान दिसतं, पण खरं दिसायला पानगळ हवी. उन्हाळ्यात झाडांच्या फटींतूनच बघावं लागतं. शेजारचं वेटलँड सेंटर, म्हणजे जुन्या जलाशयांवर २००० साली उघडलेली पक्ष्यांची जागा, तिकीट काढून बघायची आहे आणि तिला अर्धा दिवस लागतो. सामन्याच्या दिवशी तो नाद करू नका. बेव्हर्ली ब्रूकवरचा छोटा पूल ओलांडला की नौकांच्या शेड आणि मग पटनी ब्रिज.

सामन्यानंतर पटनी ब्रिज स्टेशनची दारं टप्प्याटप्प्याने उघडतात आणि बाहेर रांग लागते. रात्रीचा सामना असेल आणि उद्यानाचं दार बंद दिसलं, तर फुलहॅम पॅलेस रोडने चालत या. हीथ्रोला किंवा पश्चिमेकडे जायचं असेल तर उलट दिशेने हॅमरस्मिथ गाठा, पंचवीस-तीस मिनिटं, तिथे पिकॅडिली लाइन मिळते. त्याच रस्त्यावर २२० नंबरची बस आहे, पण सामना सुटल्यावर ती तुमच्यापेक्षा हळू चालते. मध्य लंडनला जाणाऱ्यांनी पूल ओलांडून ईस्ट पटनीपर्यंत चालावं. पटनी ब्रिजचीच डिस्ट्रिक्ट लाइन, फक्त एक स्टेशन आधीचं. पटनी ब्रिजला गर्दी आत घुसेपर्यंत तुम्हाला बसायला जागा मिळालेली असते.