आत्या म्हणाली, हे आपलं घर नव्हे

गेल्या श्रावणात आंजर्ल्याला आत्याकडे गेलो होतो तेव्हा घराचा एक फोटो काढला. जांभ्याची भिंत, वर कौलं, पुढे अंगणात तुळशीवृंदावन, पाऊस नुकताच थांबलेला त्यामुळे चिरे भिजून गडद झालेले. रात्री फोनवर बसून एडिट केला, सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, पार सत्तरपर्यंत ताणलं आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो. सकाळी आत्याला दाखवला तर चष्मा वर सरकवत म्हणाली, "हे आपलं घर नव्हे रे, कुठलंतरी रिसॉर्ट दिसतंय."

झालं! मग लॅपटॉपवर मोठा करून बघितला तर खरंच की, भिंत नारिंगी आणि फणसाची पानं प्लास्टिकची. सॅच्युरेशन सगळ्याच रंगांना सारखं ढकलतं, आणि जांभा मुळातच लाल, त्यामुळे लाल रंग एवढा भरला की चिऱ्याची ती भोकं भोकं, खडबडीतपणा, सगळं एका रंगात बुडालं. व्हायब्रन्स त्या मानाने शहाणं, ते आधी फिक्या रंगांना उचलतं आणि जे आधीच भडक आहेत त्यांना फारसं छेडत नाही. मग सॅच्युरेशन परत शून्यावर, म्हणजे मूळ फोटोत होतं तेवढंच, व्हायब्रन्स पंधरा, आणि एचएसएलमधे, म्हणजे एकेक रंग वेगळा बदलता येतो त्या भागात, जाऊन फक्त लाल रंगाची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, थोडी खाली. भिंत परत ओली दिसायला लागली.

खरा धडा मात्र हर्णैला मिळालेला. संध्याकाळचा मासळीचा लिलाव, पाट्यांमधे चकचकीत सुरमई, मागे आभाळ पेटलेलं, आणि कार्डात जागा नाही म्हणून मी शहाण्याने रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी कच्ची माहिती ठेवणारी मोठी फाइल, बंद करून नुसते जेपेग, म्हणजे आवळलेले छोटे फोटो, काढले. घरी येऊन बघतो तर सूर्याभोवतीचं आभाळ पांढरंफटक. हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागांचा, स्लायडर शेवटपर्यंत डावीकडे ओढला तरी पांढऱ्याचं राखाडी झालं, बाकी काही नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलं नव्हतं तर येणार कुठून. जेपेगमधे एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमधे १६,३८४, हा फरक फोटो ओढाताण करताना कळतो, नुसता बघताना नाही. अर्थात आभाळ पारच जळलं असेल तर रॉसुद्धा काही करू शकत नाही. म्हणून आता मुद्दाम एक स्टॉप अंधारात, म्हणजे निम्म्या उजेडात, काढतो आणि मागाहून शॅडोज, म्हणजे गडद भाग, उचलतो. त्यात थोडे दाणे येतात, येऊ देत.

आणि ते ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग कॅमेऱ्याने आपणहून सुधारणं! कॅमेऱ्याला संध्याकाळचा पिवळा उजेड म्हणजे बिघाड वाटतो, तो इमानेइतबारे दुरुस्त करतो आणि आपली अख्खी संध्याकाळ धुऊन टाकतो. रॉ असेल तर काळजी नाही, नंतर व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या (दिवसाच्या उजेडाच्या) आसपास नेलं की रंग परत येतो.

डिहेझ, म्हणजे धुरकटपणा पुसणारा स्लायडर, हे दुसरं व्यसन. समोर सुवर्णदुर्ग धुरकट दिसत होता, मी धुरकटपणा पुसला तर किल्ला एकदम पुढ्यात येऊन बसला, मधला समुद्रच संपला. अर्ध्यावर आणून सोडला. क्षितिज मात्र मी दर वेळी सरळ करतोच, दीड डिग्रीने जरी कललेलं असलं तरी समुद्र एका बाजूने सांडतोय असं वाटत राहतं.

काहीजण म्हणतात एडिटिंग म्हणजे फसवाफसवी. अहो, पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या बुजवायचे, आणि फोटोशॉपमधली डॉज-बर्न (एखादा भाग उजळ किंवा गडद करणं) ही नावंसुद्धा डार्करूममधूनच, म्हणजे फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीतूनच, आलीयेत. आत्याच्या लग्नाच्या फोटोत तिच्या गालावरचा देवीचा व्रण कुठे दिसतो?

तर तिला नवीन एडिट दाखवला. बराच वेळ बघितला. "हां, हे आपलं," म्हणाली. मग बोट लावून, "ही वायर तेवढी काढता येईल का? आणि वृंदावनाला तडा गेलाय तोही बुजव, तुझ्या काकांना सांगून सांगून दमले मी."

बुजवला. हीलिंग ब्रशने, म्हणजे शेजारचा भाग घेऊन डाग झाकणाऱ्या ब्रशने, दहा सेकंदांत. आता तो फोटो ओटीवर लावलाय, आणि काका आल्यागेल्याला दाखवतात, बघा, कुठाय तडा.