शिकवण ठरवताना आपल्याला कोण विचारते?

रविवार, ठाणे

आज मिस्सेनंतर (रविवारच्या उपासनेनंतर) दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या, तयारीवर्गात एका मुलीने विचारले, "टीचर, चर्चची शिकवण ठरवताना आपल्या आईवडिलांना कोणी काही विचारतं का?" मी सांगितले की अधिकाराने शिकवण्याचे काम पोप आणि त्यांच्याशी एकात्म असलेल्या बिशपांचे आहे, पण ते ज्या श्रद्धेची राखण करतात ती साऱ्या ख्रिस्तसभेची असते. तिचे समाधान झालेले दिसले नाही, आणि ते मला बरे वाटले.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये 'लुमेन जेंसियुम' या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले आहे की बिशपांपासून शेवटच्या श्रद्धावंतापर्यंत सर्वांचे श्रद्धा व नीती यांविषयी एकमत असते, तेव्हा तो समुदाय श्रद्धेच्या बाबतीत चुकू शकत नाही. याच्या शतकभर आधी, 1859 मध्ये, जॉन हेन्री न्यूमन या इंग्लिश धर्मगुरूंनी हेच धाडसाने मांडले होते. चौथ्या शतकात एरियस या धर्मगुरूच्या मतामुळे ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी वाद पेटला आणि अनेक बिशप डळमळले, तेव्हा बाप्तिस्म्यात मिळालेली श्रद्धा सामान्य माणसांनी जपली, असे त्यांचे म्हणणे होते. त्याबद्दल त्यांची रोमकडे तक्रार झाली. 2019 मध्ये त्याच रोमने त्यांना संत घोषित केले!

याचा अर्थ बहुमताने सिद्धान्त ठरतात असा नाही, आणि तसे ठरू नयेत असेच माझे मत आहे. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा (ती देहासह स्वर्गात घेतली गेली, हा) सिद्धान्त 1950 मध्ये घोषित करण्यापूर्वी पोप बाराव्या पायस यांनी 1946 मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून त्यांच्या लोकांची श्रद्धा काय आहे हे विचारले होते. त्यांनी मतदान घेतले नव्हते, साक्ष मागितली होती. 2023 च्या सिनडमध्ये, म्हणजे पोपना सल्ला देणाऱ्या बिशपांच्या सभेत, मात्र प्रापंचिक (धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या) स्त्री-पुरुषांना प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला. अर्थात सिनडचा मजकूर स्वीकारायचा की नाही हा निर्णय पोपचाच होता.

1983 च्या धर्मविधीसंहितेचा (कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्याचा) 212 वा नियम सांगतो की आपले ज्ञान आणि योग्यता यांनुसार ख्रिस्तसभेच्या हिताविषयीचे मत धर्माधिकाऱ्यांना कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही आहे. यातली 'ज्ञान' ही अट आपण प्रापंचिक सोयीने विसरतो, हेही नमूद करायला हवे. पण मत मागितलेच, तर ते कशावर? आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये (स्थानिक चर्चच्या सल्लागार मंडळात) सणाचा मंडप, पार्किंग आणि छताची गळती यांवर तासन्‌तास चर्चा होते. उलट इथल्या सोसायट्यांमधून हिंदू-कॅथलिक विवाह नवे राहिलेले नाहीत. अशा विवाहासाठी बिशपांची सूट लागते आणि मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य ते सारे करीन, असे वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावे लागते. ते वचन सासूसासऱ्यांच्या देवघराशेजारी, गणपतीच्या दिवसांत, रुसवेफुगवे सांभाळत कसे पाळले जाते, हे त्या घरातल्या आईइतके कोणालाच ठाऊक नाही. तिला विचारल्याशिवाय विवाहावरचा आमचा पाठ अर्धाच राहतो.

कौन्सिलला केवळ सल्ला देण्याचा अधिकार आहे, हे मला माहीत आहे. तरीही अशा पालकांना वर्गात बोलवावे आणि त्यांचे म्हणणे लिहून बिशपांकडे पाठवावे, असे पत्र मी संध्याकाळी सचिवांना दिले. विषयपत्रिकेवर त्याला मंडपाच्या खर्चानंतरचा क्रमांक मिळाला, तरी चालेल.