फाल्कनचा सांगाडा

आजचा अख्खा दिवस लेगोच्या मिलेनियम फाल्कनचा, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधल्या अंतराळयानाचा! २०१७ चा ७५१९२ क्रमांकाचा सेट, ७,५४१ तुकडे. सुटे भाग रंगानुसार लावू नका. बहुतेक सगळे राखाडीच, ढिगात काही सापडत नाही. आकारानुसार लावा.

खरा जीव आतल्या टेक्निकच्या, म्हणजे भोकं असलेल्या आणि पिनांनी जोडायच्या लेगो भागांच्या सांगाड्यात आहे. काळी पिन घट्ट धरते, फिकट राखाडी पिन मोकळी फिरते. काळीच्या जागी राखाडी गेली की जोड डुगडुगलाच. पिन ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायची, मधली कड भोकाच्या खाचेत पूर्ण बुडलेली दिसली पाहिजे. अर्धवट बसलेली पिन तेव्हा कळत नाही. वरचं आवरण चढवताना फटी पडतात, मग निम्मं उकलावं लागतं. चपट्या प्लेट्स नखांनी नाही, सेपरेटरनेच (तुकडे सुटे करायच्या लेगोच्या छोट्या हत्याराने) काढा.

तोफा, अँटेना वगैरे सोपं. पण हा सांगाडा… काय विचार केलाय बनवणाऱ्यांनी!