मढ्याच्या टाळूवरचं लोणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. “झाडं तोडतात तेव्हा तुम्ही कुठं असता, आणि तोडून झाली की बुंधे-मुळं उचलायला बरोब्बर हजर कसे?” एका बाईंनी तर वर लिहिलंय तेच तोंडावर ऐकवलं.

बुंध्या-मुळांची टेबलं करतो मी. हजर असतो, कारण उशीर केला तर बुंधा वीटभट्टीत जातो. खोडाला वखारीत गिऱ्हाईक असतं. जमिनीखालचं कुणाला नको असतं. मुळांनी गिळलेल्या दगडांवर करवतीचे दात जातात. चिंच 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, म्हणून पावती आणि वाहतूक परवाना हातात आल्याशिवाय मी गाडी भरत नाही. चोर नाही मी.

तुमचा प्रश्न कागदांचा नाही, ठाऊक आहे.

रुंदीकरणात रस्त्याकडेची एक जुनी चिंच पडली होती. ठेकेदाराच्या माणसाला पैसे मोजून मी जेसीबीनं उपटलेला बुंधा धूत होतो. माती निघाली तसं तुटल्या मुळाच्या तोंडावर पिवळट कडं दिसलं, आत काळपट जांभळा गाभा. हरखलो, खोटं कशाला बोलू? मागं एक म्हातारी येऊन उभी. आता रडेल नाहीतर शिव्या देईल, दोन्हीची तयारी होती.

“जळनाला देतोस का रं?”

फांद्या न्या म्हटलं. तिनं बुंध्याकडं बोट केलं. “ह्यो. पावसाळाभर पुरंल.”

“आजी, ह्याचे पैसे दिलेत मी.”

“दिलं असशील. चिंचा आमीच येचत हुतो.”

ट्रॉली भरेपर्यंत ती तिथंच फांद्यांची मोळी बांधत बसली. मोळी डोक्यावर द्यायला मीच हात लावला. त्यावरही काही बोलली नाही.

त्या बुंध्याचं टेबल आता पुण्यात एकांच्या हॉलमध्ये आहे. तोंडांना मेण लावून सावलीत वाळवला, तरी एक चीर गेलीच. पिवळ्या भागाला भुंगा लागतो, म्हणून तो तासून काढला. तो कचरा आमच्याच बंबात जळला.

पूर्वी प्रदर्शनात मी ऐटीत सांगायचो, झाडाला दुसरा जन्म देतो. आता तसं बोलवत नाही. टेबलाला चिंचा लागत नाहीत. पण चुलीत राखच झाली असती ना? झाली असती, आणि तिचा स्वयंपाकही.

विरोधाचं म्हणाल तर, ‘नोटीस लागते तेव्हा सगळं ठरलेलं असतं’ हे माझं ठरलेलं उत्तर. त्याला आमच्याच मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड आडवा येतो. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता; 2020 साली माणसं उभी राहिली आणि तेव्हा तो तोडण्यापासून वाचला. त्या माणसांत मी नव्हतो. म्हणून बाकीचे बुंधे भट्टीत जाऊ द्यायचे का?

पुढच्या आठवड्यात बाभळी पडणार असल्याचा फोन आलाय. अडवायला येणार असाल तर गाव कळवतो, मीही उभा राहीन. पडल्याच, तर बुंधे माझे.