हिप्परग्याचे इरेटिस: मीडियन लोब अखेर कुशीवर थांबला

मागच्या नोंदीत अडलेली गाठ सुटली. हिप्परगा तलावाजवळच्या मुरमाच्या खड्ड्यांतले ते करडे, काळ्या ठिपक्यांचे पाणभुंगे इरेटिस या प्रजातीतलेच (जीनस) आहेत, यात शंका नव्हती. इलिट्राच्या (पाठीवरच्या कडक पंखांच्या) मागच्या कडेचे बारीक काटे साध्या भिंगातूनही कळतात. घोडं अडलं होतं जात कोणती, ग्रिसियस की स्टिक्टिकस, यावर. जुन्या याद्यांत सरसकट स्टिक्टिकस आहे, पण कीटकतज्ज्ञ मिलर यांनी २००२ मध्ये केलेल्या या प्रजातीच्या फेरमांडणीनंतर रंग-ठिपक्यांवर विसंबता येत नाही. नराच्या मीडियन लोबची (जननेंद्रियाच्या मधल्या भागाची) बाह्यरेषा बाजूनेच बघायला हवी.

आणि ग्लिसरिनच्या थेंबात तो लोब हमखास कलंडतो. किंचित कलला तरी टोकाची जाडी आणि बाक बदलून एकच नमुना दोन फोटोंत दोन जाती वाटतो. उपाय निघाला हँड सॅनिटायझर! बिनरंगी, मणी नसलेलं अल्कोहोल जेल घ्या. वॉचग्लासमध्ये (काचेच्या उथळ वाटीत) जाड थर पसरून लोब त्यात टोचून बसवा, वरून ७० टक्के अल्कोहोल हलकेच सोडा. जेल सुकत नाही आणि लोब ठेवला तसा राहतो. बुडबुडे आले तर बाटली रात्रभर उलटी ठेवा.

त्याआधीची तयारी नेहमीचीच: अल्कोहोलमधला कडक नमुना १०-१५ मिनिटं गरम पाण्यात, वाकवलेल्या मिन्युटन पिनने (अगदी बारीक कीटक-पिनने) एडिगस, म्हणजे नराचं जननेंद्रिय, बाहेर, मग मऊ ऊती विरघळायला १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये, दर थोड्या वेळाने तपासत. पॅरामियर (लोबच्या दोन्ही बाजूंचे भाग) सोडवायला घड्याळजीचा ५ नंबरचा चिमटाच हवा. कॉलेजच्या डिसेक्शन बॉक्समधला जाड चिमटा लोब चिरडतो.

कोवळे, म्हणजे नुकतेच कोशातून निघालेले नर मात्र सरळ बाजूला ठेवा. इलिट्रा पिनने दाबल्यावर खळगा पडला, तर लोबही मऊच असणार. पोटॅशमध्ये तो पिळवटतो आणि भलताच आकार दाखवतो. आपल्या गोंधळातला बराचसा भाग याच नमुन्यांचा होता. पक्के झालेले नर आता ग्रिसियसशी छान जुळताहेत, जेलमधली बाह्यरेषा एकदम स्वच्छ!

पुढे लाइट ट्रॅप (दिव्याचा सापळा) लावायचा बेत होता. पण हे लिहिताना सुचतंय, की पिन केलेले जुने वाळके नरही गरम पाण्याने मऊ करून याच जेलमध्ये बघता येतील. आधी तेच. ट्रॅप नंतर, खड्डे आटण्याआधी फक्त पुढच्या पायांवर चकत्या असलेले नर उचलू, माद्या पाण्यातच राहू देत. प्रत्येक नराचा एक मधला पाय डीएनएसाठी ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा, पोटॅश लावण्याआधी.