रिकाम्या खोलीतली इमारत

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या माउंट होरेब या छोट्या गावात मी वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम करत असे, तेव्हाची ही घटना आहे. त्या दिवशी आलेल्या बाईंनी तरुणपणी जवळच्या ‘लिटल नॉर्वे’ या संग्रहालयात, पारंपरिक नॉर्वेजियन पोशाख घालून, पाहुण्यांना वास्तू दाखवण्याची नोकरी केली होती. मी त्यांच्याकडे जुनी छायाचित्रे मागितली. त्या म्हणाल्या, “ती आणली नाहीत. खुर्च्या भिंतीला लावा, मी दाखवते.”

ज्या इमारतीविषयी त्या बोलणार होत्या, ती तोवर परिसरातून गेलेली होती. १८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी (आपल्याकडे ते शहर आणि ते वर्ष विवेकानंदांमुळे सर्वांना ठाऊक आहे) नॉर्वेने ही लाकडी वास्तू पाठवली होती. मध्ययुगीन लाकडी चर्चच्या धर्तीवर वाल्डेमार हान्स्टेन यांनी तिचा आराखडा केला आणि नॉर्वेतल्या ऑर्कांगेर गावी थाम्स यांच्या कारखान्यात तिचे सुटे भाग घडवले गेले. प्रदर्शनातले बहुतेक भव्य महाल तात्पुरत्या प्लास्टरचे होते, ते नाहीसे झाले. ही मात्र उलगडून पुन्हा जोडता येत होती आणि माझ्या मते तेच तिचे आयुष्य ठरले. प्रदर्शनानंतर ती विस्कॉन्सिनमधल्याच लेक जिनिव्हाच्या काठी एका धनिकाच्या बागेत गेली, तिथे काही काळ तिचा उपयोग खाजगी चित्रपटगृह म्हणूनही झाला, आणि १९३५ मध्ये इसाक डाले यांनी ती ब्लू माउंड्सजवळच्या आपल्या दरीत, म्हणजेच लिटल नॉर्वेत, आणून उभी केली. २०१२ मध्ये संग्रहालय बंद पडले. २०१५ मध्ये ऑर्कांगेरच्या लोकांनी ती पुन्हा सुटी करून समुद्रापार नेली.

बाई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. “इथे थांबून आधी छपराकडे पाहा,” असे म्हणत त्यांनी हात उंचावला. लाकडी खवल्यांचे एकावर एक चढत गेलेले उतार आणि टोकांवरची ड्रॅगनची मुंडकी त्या एकेक करून दाखवू लागल्या. आत ‘शिरल्यावर’ त्या डावीकडे वळल्या, कोरीव चेहऱ्यांपाशी थांबल्या, मागे राहिलेल्या कुणा मुलासाठी क्षणभर खोळंबल्याही. इतक्या वर्षांनंतर त्यांचे एकही पाऊल अडखळले नाही. माझ्या कामात लोक घर सांगतात, माणसे सांगतात. मोजून टाकलेल्या पावलांत साठवलेली वास्तू मी पहिल्यांदाच पाहत होते.

न राहवून मी विचारले, ती परत गेली याचे वाईट वाटते का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिचे सुतार तिकडचे, तेव्हा तिने तिकडेच जायला हवे होते. पण नातवंडांना आता मी काय दाखवू?” ऑर्कांगेरला २०१७ मध्ये ती पुन्हा उभी राहिली तेव्हा तिथल्या लोकांना झालेला आनंद मला न्याय्यच वाटतो, तरीही ऐंशी वर्षे तिला सांभाळणाऱ्या या दरीचे दुःख त्याने कमी होत नाही.

त्यांनी सांगणे अर्धवट सोडले नाही. खोलीच्या दारापासून चांगल्या चार पावलांवर त्या वळल्या, मागे पाहून हलकेच म्हणाल्या, “पायरी जपून,” आणि मीही, ध्वनिमुद्रकाची वायर सावरत, सपाट फरशीवर पाय उचलून टाकला.