चार दिवसांचा कोर्स आणि सतरा आकडी नंबर

निकाल आधीच सांगून टाकते. मी आता नवी मुंबईत एका मालवाहतूक कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. त्यासाठी पैसे भरून घेतलेला कोर्स मी चार दिवस केला आणि त्यातून सुटायला सदुसष्ट दिवस लागले. राग अजून गेलेला नाही, त्यामुळे तोच भाग मोठा होणार, हेही आधीच सांगते.

स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. झाल्यावर मी रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीतल्या एका मासळी कारखान्यात रेकॉर्ड ठेवायला लागले. पगार साडेचौदा हजार. कोलंबी आली की लॉट नंबर, वजन, ग्रेड, उतारा (आलेल्या वजनातून सोलून-साफ करून किती माल निघाला ते) हे सगळं एक्सेलमध्ये भरायचं. कोलंबीची ग्रेड म्हणजे एका पौंडात किती नग बसतात ते. ८/१२, १३/१५, १६/२०, २१/२५ अशा. पहिल्याच आठवड्यात एक्सेलने माझ्या ८/१२ चं ‘८ डिसेंबर’ करून टाकलं आणि महिन्याच्या रिपोर्टातून सगळ्यात महागडी कोलंबीच गायब झाली. (रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, मग भरा. याच त्रासापायी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची अधिकृत नावं बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजत होतं. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं.)

दोन वर्षं भरून झाली, आता या आकड्यांतून काहीतरी काढायला शिकावं, असं वाटायला लागलं. २०२४ चा फेब्रुवारी होता. मोबाइलवर डेटा सायन्स शिकवणाऱ्या एका संस्थेकडे नाव-नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आवाज इतका गोड, की मीच दोनदा ‘सॉरी हं’ म्हणाले. “मॅम, अ‍ॅनालिस्ट कशाला, तुम्ही डायरेक्ट डेटा सायंटिस्टच व्हा. तुमचं स्टॅट्स आहे!” फी एक लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. त्यातले पाच हजार नोंदणीचे लगेच, बाकीचे बारा हप्त्यांत. ‘नो कॉस्ट ईएमआय’. साडेचौदा हजारांतून महिना नऊ हजार चारशेच्या वर कसे जाणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

आमचं घर खाडीच्या उतारावर. घरात रेंज येत नाही, रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. त्या संध्याकाळी मी वर कातळावर, वाऱ्यात एका कानात बोट घालून, पलीकडची मुलगी सांगेल तसे ओटीपी टाकत होते. तीन आले. पहिला नोंदणीचा. दुसरा कर्जाचा होता आणि तिसरा खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचा, हे मला घरी येऊन मेसेज नीट वाचल्यावर कळलं. कर्ज संस्थेचं नव्हतंच, मी नावही न ऐकलेल्या एका फायनान्स कंपनीचं होतं. म्हणजे फायनान्स कंपनीने संस्थेला सगळे पैसे एकरकमी दिले आणि मी बारा महिने तिसऱ्याचं देणं लागते. कोर्स सोडला तरी कर्ज सुटत नाही. हे वाक्य कुणी मला सड्यावर चढण्याआधी सांगायला हवं होतं.

कोर्सबद्दल थोडक्यात. टायटॅनिक. ८९१ प्रवाशांची यादी, कोण वाचलं, कोण बुडालं, ते कॉम्प्युटरने ओळखायचं. जगभर सगळे यावरच हात बसवतात, त्याला माझी हरकत नाही. पण त्यात १७७ जणांचं वय कोरं आहे. सरांनी एका ओळीत सगळ्यांना एकच सरासरी वय लावलं आणि पुढे गेले. मी विचारलं, वय कोरं का आहे? बुडालेल्यांचं जास्त कोरं आहे का? उत्तर आलं, इंटरव्ह्यूला हे विचारत नाहीत. आमच्याकडे १७७ लॉटचं वजन कोरं ठेवून मी सरासरी लावली असती तर सुपरवायझरने गेटपास काढून घेतला असता. चौथ्या दिवशी मी रिफंडचा फॉर्म भरला. करारात सात दिवसांत पूर्ण परतावा लिहिला होता.

आता फॉर्म. कारण निवडायला तीन पर्याय: वैद्यकीय, आर्थिक, इतर. ‘इतर’ निवडलं की स्वहस्ताक्षरातलं पत्र जोडायचं, पीडीएफ, २०० केबीच्या आत. माझ्या फोनमधून निघालेली पीडीएफ दीड एमबीची. रत्नागिरीत झेरॉक्सवाल्याकडे दोन तास आणि साठ रुपये. पाठवलं, तक्रार क्रमांक मिळाला. ४८ तासांत तुम्ही उत्तर दिलं नाही तर तक्रार आपोआप बंद. ते मेल पाठवायचे रात्री साडेअकराला, “कृपया कारण स्पष्ट करा”. मी कामावरून दमून आलेली, सड्यावर गेलेच नाही, दोन दिवस असेच गेले, तक्रार बंद. पुन्हा फॉर्म, पुन्हा २०० केबी. असं तीन वेळा. आई म्हणायची, “गो, जेवून तरी जा वर.” अंधारात बॅटरी घेऊन मी सड्यावर मेल बघायला जाते हे वाडीत सगळ्यांना माहीत झालं. कुणीतरी विचारलंही, लग्न जमतंय का.

मार्चच्या पाच तारखेला पहिला हप्ता गेला. एप्रिलचा गेला नाही, कारण खात्यात पैसेच नव्हते. त्याचा दंड फायनान्स कंपनीने लावला, वेगळा बँकेने लावला, दोन्हींवर जीएसटी. फायनान्स कंपनीला फोन केला तर म्हणे, संस्थेकडून रद्द झाल्याचं आलेलं नाही. संस्था म्हणे, आम्ही यादी पाठवली, त्यांना विचारा. त्यांना विचारलं तर, यादीत तुमचा नंबर नाही. संस्थेला विचारलं तर, यादीत तुमचं नाव आहे. मे महिन्यापर्यंत मी हेच केलं. बाबा आंब्याच्या पेट्या भरत होते, मी बाजूला बसून पेंढा लावता लावता होल्डचं संगीत ऐकत होते.

मध्येच एक गोष्ट आठवली ती सांगते. फोनवर भांडू नका. फोनचं काही शिल्लक राहत नाही. मला शहाणपण सुचलं ते एप्रिलच्या शेवटी. फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी लेखी मेल केला, तारीख टाकून, आणि त्यात लिहिलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तसा नियमच आहे. आधी कंपनीकडे लेखी, मग ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार. संस्थेविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. शिवाय, असं कर्ज देताना सगळा खर्च एका पानात सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं आणि सुरुवातीचे काही दिवस दंडाशिवाय कर्ज सोडता येतं. माझ्याकडे ते पान मेलमध्ये आलं होतं. मी उघडलं नव्हतं.

मेल गेल्यावर दोघे एकमेकांना सीसी करून लिहायला लागले. त्या लांबलचक मेलच्या शेपटीला संस्थेच्या यादीचा फोटो होता. एक्सेल. माझं नाव, रक्कम, कर्जाचा नंबर. माझा कर्ज नंबर सतरा आकडी, शेवटी ३७. यादीत शेवटी ००.

मी वरच्या नावाचा नंबर पाहिला. शेवटी ००. त्याच्या वरचा, ००. सगळ्यांचे ००.

एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरून ठेवतं. पुढचे शून्य. नंबर टेक्स्ट म्हणून न भरता संख्या म्हणून भरला की सतरा आकड्यांतले शेवटचे दोन पुसले जातात आणि ते पुन्हा कशानेच परत आणता येत नाहीत. एक लाख अठरा हजारांत डेटा सायन्स शिकवणाऱ्यांची यादी माझ्या ८/१२ च्या कोलंबीसारखी फसली होती. मी सड्यावर एकटीच मोठ्याने हसले. मग दोघांनाही मेल लिहिला, चार ओळींचा, फोटोवर लाल गोल करून: रकाना टेक्स्ट करा, नंबर मूळ कागदावरून पुन्हा टाका, आणि यादीतल्या बाकीच्यांचेही टाका. सहाव्या दिवशी कर्ज बंद झाल्याचं पत्र आलं. गेलेला हप्ता परत मिळाला. पाच हजार ‘नोंदणी शुल्क परत मिळत नाही’ या कलमात गेले.

पुढचं सोपं होतं. जून आणि जुलै मासेमारी बंद, कारखान्यात काम कमी. त्या दोन महिन्यांत मी एसक्यूएल (टेबलांतून हवी ती माहिती काढायची भाषा) शिकले. पावसात लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून त्यासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेतला. तो लॅपटॉपवरच चालतो, नेट लागत नाही, फुकट आहे. पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे आकड्यांचे आलेख आणि रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट, पण बनवलेला रिपोर्ट ऑनलाइन टाकायला ऑफिस किंवा कॉलेजचा मेल लागतो, जीमेल चालत नाही. माझा त्यात एक रविवार फुकट गेला.

टायटॅनिकच्या जागी मी कोलंबी घेतली. साहेबांची परवानगी काढून, पुरवठादारांची नावं काढून टाकून, दोन वर्षांचे लॉट टेबलात भरले. साहेब नेहमी म्हणायचे, संध्याकाळच्या लॉटचा उतारा कमी, सोलणाऱ्या बायका दमतात म्हणून. आकडे तसंच दाखवत होते. पण मी शेडवर जाऊन उभी राहिले तर संध्याकाळी घाईत माल निथळून न घेताच काट्यावर चढत होता. पाण्याचं वजन कोलंबीत धरलं जायचं, मग उतारा कमी दिसणारच. बायकांचा काही संबंध नव्हता. हे साहेबांना सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी काट्याशेजारी जाळीचे क्रेट आले.

कुठली वाट घ्यायची ते मला तिथे कळलं. काट्यावरचं वजन आपोआप, न चुकता टेबलापर्यंत आणणारा तो डेटा इंजिनिअर. पुढच्या हंगामात किती माल येईल याचं मॉडेल बांधणारा डेटा सायंटिस्ट, त्याला गणित आणि प्रोग्रामिंग दोन्ही पक्कं लागतं. उतारा का पडला हे शोधत शेडवर जाऊन उभा राहणारा अ‍ॅनालिस्ट. मला शेडवर उभं राहायला आवडतं. त्या गोड आवाजाच्या मुलीने ज्याला ‘कशाला’ म्हटलं होतं, तेच.

सतरा अर्ज केले, तीन ठिकाणी बोलावलं. नवी मुंबईत त्यांनी विचारलं, लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून उजवं टेबल जोडणं) लावूनही ओळी कमी का होतात? उजव्या टेबलावरची अट ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे जोडल्यानंतरच्या गाळणीत टाकली की कोऱ्या ओळी गळतात, ती ‘ऑन’मध्ये, म्हणजे जोडतानाच टाकायची. हे मला माझ्याच चुकीमुळे माहीत होतं, एकदा उतारा न नोंदवलेले सगळे लॉट असेच गळले होते. मग त्यांनी कोलंबीबद्दलच अर्धा तास विचारलं.

गेल्या महिन्यात स्कूटीसाठी कर्ज काढायला गेले तर बँकेने सांगितलं, एप्रिल २०२४ चा हप्ता थकला होता अशी नोंद आहे. कर्ज बंद, पैसे परत, तरी नोंद तशीच. तेव्हा ही टीप राहिली होती ती घ्या: आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझा आज एकविसावा दिवस आहे. तक्रारीत कर्जाचा नंबर टाकताना शेवटचे दोन आकडे मी तीनदा तपासले.